थर्मल कन्व्हर्टरशी पहिली ओळख: कोल्हापूर परिसरातल्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पट्ट्यात कॅलिब्रेशनचं काम चांगलंच वाढलं आहे. फौंड्री आणि मशिन शॉपवाल्यांचे मायक्रोमीटर, प्रेशर गेज येतातच, पण आता मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, पॅनेल मीटर यांचीही रीघ असते. इलेक्ट्रिकल विभागात रुजू झालेल्या मुलामुलींना त्या कामात सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी वस्तू म्हणजे थर्मल कन्व्हर्टर. कॉलेजात त्याचा ओझरता उल्लेख होतो आणि मॅन्युअल वाचून सगळं समजतं असं नाही. शिकवायला जुना माणूस शेजारी असेल तर ठीक, नसेल तर महिनोन् महिने चाचपडावं लागतं. ते चाचपडणं वाचावं म्हणून हा लेख. मी याच कामात आहे आणि जे लिहितोय ते रोज वापरतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. थर्मल कन्व्हर्टर हा मीटर नाही, तो तुलना करणारा आहे. "हे किती व्होल्ट?" याचं उत्तर तो देत नाही. "या एसीने जेवढी उष्णता दिली तेवढीच या डीसीने दिली का?" एवढंच तो सांगतो. पुढची प्रत्येक पायरी या एका वाक्यातून निघते.

१. आधी गरज आहे का ते ठरवा

तुमच्याकडे येणारे बहुतेक मल्टिमीटर हँडहेल्ड असतील तर त्यांची एसी अचूकता अर्धा ते एक टक्का, म्हणजे ५,००० ते १०,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असते. त्यासाठी चांगला मल्टिप्रॉडक्ट कॅलिब्रेटर, म्हणजे ठरवलेला व्होल्टेज-करंट नेमका देणारं यंत्र, पुरतो. तिथे थर्मल कन्व्हर्टर आणून बसवणं म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही घालवणं.

गरज कधी पडते? खुद्द कॅलिब्रेटरचीच एसी बाजू तपासायची असेल तेव्हा. साडेसहा किंवा साडेआठ आकडी बेंच मल्टिमीटर एसीवर कॅलिब्रेट करायचे असतील तेव्हा. किंवा एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) स्कोपमध्ये, म्हणजे मान्यतेच्या यादीत, एसी व्होल्टेज शंभर पीपीएमच्या आत दाखवायचं असेल तेव्हा. तिथेही एक मधला मार्ग आहे: फ्लूक ५७९०ए सारखं एसी मेजरमेंट स्टँडर्ड. त्यातही आत थर्मल सेन्सरच असतो, फक्त एसी-डीसीची तुलना यंत्र स्वतः करतं. किंमत मोठी आहे, पण काम जास्त असेल तर माझं मत त्याच्या बाजूने आहे. तरी मूळ कन्व्हर्टरवर हाताने मोजायला शिकाच. त्याशिवाय ५७९०ए आत काय करतंय ते कळणार नाही, आणि कळलं नाही तर चुकीचं रीडिंग ओळखता येणार नाही.

२. आत काय आहे

डीसी व्होल्टचा पाया भक्कम आहे. जोसेफसन परिणामावर आधारलेली यंत्रणा फ्रिक्वेन्सीवरून थेट व्होल्ट देते, आणि २०१९ मध्ये एसआय एककांची नवी व्याख्या आल्यापासून त्यातला स्थिरांक ठरलेला, अचूक आकडा आहे. एसीसाठीही जोसेफसनवरच्या यंत्रणा जगातल्या मोठ्या संस्थांत उभ्या राहिल्या आहेत, पण रोजच्या कामात, मोठ्या व्होल्टेजला आणि विस्तृत फ्रिक्वेन्सीला एसी अजून डीसीशी जोडला जातो तो उष्णतेच्या मार्गानेच. एसीची आरएमएस किंमत म्हणजे तेवढीच उष्णता देणारा डीसी. ही व्याख्याच आहे.

गुऱ्हाळावर काहिलीतला रस बघा. खाली चिपाडं जळतायत की लाकडं, हे काहिलीला कळत नाही, तिला पोचलेली धग तेवढी कळते. कन्व्हर्टरच्या हीटरचंही तसंच.

जुन्या पद्धतीचा, एकाच जोडाचा कन्व्हर्टर हातात घेऊन उजेडात धरा. बोटाच्या पेराएवढा काचेचा बल्ब, आतली हवा काढून टाकलेली. दोन जाड तारांच्या मध्ये केसाहून बारीक अशी हीटरची तार ताणलेली. तिच्या बरोबर मध्यावर एक इवलासा मणी, आणि त्या मण्यातून निघालेल्या थर्मोकपलच्या, म्हणजे तापल्यावर बारीकसा व्होल्टेज देणाऱ्या दोन धातूंच्या जोडाच्या, दोन तारा. मणी वीज अडवतो, उष्णता जाऊ देतो. ५ मिलिॲम्पिअरच्या कन्व्हर्टरमध्ये हीटरचा रोध साधारण ९० ओहम असतो आणि पूर्ण करंटला आउटपुट ७ मिलिव्होल्टच्या आसपास मिळतं. ५ व्होल्ट मोजायचे तर हीटरच्या पुढे रेंज रेझिस्टर लावून एकूण रोध १,००० ओहमच्या घरात नेतात.

अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या फ्रान्सिस हर्मॅक यांनी १९५२ मध्ये या कन्व्हर्टरवर मूलभूत शोधनिबंध लिहिला आणि ऑडिओ फ्रिक्वेन्सीला त्यांचा एसी-डीसी मानक म्हणून वापर भक्कम पायावर उभा केला. पुढे एका मण्याऐवजी अनेक थर्मोकपल ओळीने बसवलेले मल्टिजंक्शन कन्व्हर्टर आले. त्यांच्यात हीटर फार तापवावा लागत नाही, आउटपुट मोठं मिळतं आणि दोष कितीतरी कमी असतात. आता ते सिलिकॉनच्या पातळ चिपवरही बनतात. राष्ट्रीय पातळीच्या प्रयोगशाळांमध्ये तेच वापरतात. आपल्याकडच्या लॅबमध्ये मात्र बहुतेक वेळा एकजोडी कन्व्हर्टर नाहीतर फ्लूक ७९२ए सारखं सॉलिड-स्टेट सेन्सरचं ट्रान्स्फर स्टँडर्डच भेटेल.

आता एसी-डीसी डिफरन्स. कन्व्हर्टर आदर्श असता तर सारखं आउटपुट देणारे एसी आणि डीसी अगदी सारखे असते. प्रत्यक्षात थोडा फरक राहतो. सारख्या आउटपुटसाठी लागलेल्या एसीतून डीसी वजा करा आणि डीसीने भागा. हा डिफरन्स पीपीएममध्ये लिहितात. डिफरन्स धन असेल तर तेच आउटपुट मिळवायला एसी थोडा जास्त द्यावा लागतो. हे धन-ऋण चिन्ह उलटं धरलं की दुरुस्ती उलट्या दिशेने होते आणि चूक दुप्पट होते. प्रमाणपत्रात व्याख्या छापलेली असते; आकडा वापरण्याआधी ती वाचा.

३. काय काय लागेल

सामान:

- कन्व्हर्टर आणि त्याच्याच संचातले रेंज रेझिस्टर. संच एकत्र कॅलिब्रेट होतो, म्हणून दुसऱ्या संचाचा रेझिस्टर बसला तरी तो चालत नाही. सीरिअल नंबर जुळवून पाहा.
- एसी आणि डीसी दोन्ही देणारा स्थिर कॅलिब्रेटर, किंवा दोन सोर्स आणि एक चांगला स्विच.
- नॅनोव्होल्टमीटर. किथली २१८२ए किंवा कीसाइट ३४४२०ए या वर्गातला. ७९२ए वापरत असाल तर त्याचं आउटपुट २ व्होल्टच्या घरात असतं, तिथे साडेआठ आकडी मल्टिमीटर चालतो.
- एन-टाइप टी-कनेक्टर, आखूड कोएक्सिअल केबल, आउटपुटसाठी शुद्ध तांब्याच्या तारा आणि तांब्याचेच लग.
- तापमान आणि आर्द्रतेची नोंद ठेवणारं यंत्र.

कागद: कन्व्हर्टरचं चालू प्रमाणपत्र, ज्यात प्रत्येक व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीला डिफरन्स आणि अनिश्चितता दिलेली असेल, आधीची सगळी प्रमाणपत्रं, कारण ड्रिफ्ट, म्हणजे काळानुसार आकडा सरकणं, त्यातूनच कळतो, कॅलिब्रेटरच्या डीसी बाजूचं प्रमाणपत्र, लिखित कार्यपद्धती, अनिश्चिततेचा तक्ता, आणि ऑडिटसाठी मधल्या तपासण्यांची वही. आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ प्रमाणे लॅब चालवायची तर यातलं काहीच टाळता येत नाही.

४. जागा आणि वीज

आपल्या भागात ही पायरी हलकी घेऊन चालत नाही. शेजारच्या शेडमध्ये इंडक्शन फर्नेस असेल तर लाईनवर हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरी) येतात, व्होल्टेज खालीवर होतं आणि केबलच्या प्रत्येक मोकळ्या वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्र शिरतं. चांगला ऑनलाइन यूपीएस लावा, लॅबचं अर्थिंग वेगळं आणि मोजलेलं ठेवा. अगदी बारीक काम परिसराच्या औद्योगिक सुट्टीच्या दिवशी किंवा फर्नेस बंद असताना काढा. फर्नेस चालू असताना आणि बंद असताना तीच मोजणी करून बघा. दोन्हींत फरक दिसला तर मोजणीच्या आधी शिल्डिंगवर काम करायचं आहे, एवढं नक्की समजा.

पावसाळ्यातली दमट हवाही त्रास देते. मोठ्या व्होल्टेजच्या रेंज रेझिस्टरवर ओल धरली की गळती वाढते. डीह्युमिडिफायर जून उजाडायच्या आतच चालू करा. तापमान प्रमाणपत्रात ज्या अंशाला दिलं असेल त्याच्याजवळ ठेवा. एअर कंडिशनरची हवा थेट टेबलावर येऊ देऊ नका. तांबं आणि साधं सोल्डर यांच्या जोडात एका अंशाला काही मायक्रोव्होल्ट तयार होतात, आणि आपण नॅनोव्होल्ट मोजतोय. कन्व्हर्टर आणि त्याच्या आउटपुटच्या जोडण्या फोमच्या डब्यात झाकून ठेवल्या तर रीडिंग किती शांत होतं ते पहिल्याच दिवशी दिसेल.

५. जोडणी

मोजणी नेमकी कुठल्या बिंदूला लागू आहे, हे आधी ठरवा. दोन उपकरणं टी-कनेक्टरवर समांतर जोडली असतील तर तो बिंदू म्हणजे टीचा मध्य. किलोहर्ट्झपर्यंत सेंटिमीटरभर इकडेतिकडे चालून जातं, पण मेगाहर्ट्झला प्रत्येक सेंटिमीटर हिशेबात येतो. म्हणून टीच्या दोन्ही बाजू सारख्या आणि आखूड ठेवा.

अर्थ एकाच जागी द्या. कॅलिब्रेटर, नॅनोव्होल्टमीटर आणि संगणक असे तिघेही आपापल्या परीने अर्थ होऊन बसले की लूप तयार होतो आणि ५० हर्ट्झच्या आसपास रीडिंग डोलायला लागतं. हीटर आणि थर्मोकपल यांच्यात मण्याचाच काय तो आडोसा आहे, म्हणून त्या दोघांत मोठा व्होल्टेज पडेल अशी जोडणी कधीही करू नका. आउटपुटची लो बाजू इनपुटच्या लो बाजूला मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणेच बांधा.

६. हीटर जळू न देण्याची शिस्त

नवीन माणसाच्या हातून कन्व्हर्टर जातो तो इथे. हीटर इतका बारीक असतो की रेटेड करंटच्या वर गेल्यावर फ्यूजसारखी वाट बघत नाही. तुटला की दुरुस्ती नाही, आणि त्याच्याबरोबर वर्षानुवर्षांचा कॅलिब्रेशनचा इतिहासही जातो.

व्होल्टेज टाकण्याआधी रेंज रेझिस्टरवर छापलेला आकडा मोठ्याने वाचा आणि कॅलिब्रेटरच्या पडद्यावरचा आकडाही मोठ्याने वाचा. एका लॅबमध्ये दशांश चिन्ह एक घर सरकल्याने २ व्होल्टच्या जागी २० व्होल्ट गेले आणि एका क्षणात बल्ब निकामी झाला. कॅलिब्रेटरमध्ये आउटपुटची मर्यादा ठरवून ठेवायची सोय असते. प्रत्येक रेंजला ती मर्यादा लावा.

जोडणी नेहमी स्टँडबायमध्ये, म्हणजे कॅलिब्रेटरचं आउटपुट बंद असताना. व्होल्टेज शून्यातून वर न्या, थेट पूर्ण आकडा टाकू नका. रेंज बदलताना कॅलिब्रेटर क्षणभर उसळी मारतो का ते आधी ऑसिलोस्कोपवर पाहून घ्या.

हीटर ठीक आहे का हे बघायला मल्टिमीटरची ओहम रेंज लावायचा मोह होतो. मल्टिमीटर त्या रेंजला किती करंट सोडतो ते आधी मॅन्युअलमध्ये बघा. १ मिलिॲम्पिअर सोडणारा मीटर ५ मिलिॲम्पिअरच्या कन्व्हर्टरला चालेल, पण अगदी कमी करंटच्या कन्व्हर्टरला तोच मारक ठरू शकतो.

अजून एक सापळा मिलिव्होल्टच्या रेंजचा. बऱ्याच कॅलिब्रेटरमध्ये २२० मिलिव्होल्ट आणि त्याखालच्या एसी रेंजला आउटपुटच्या मालिकेत ५० ओहम असतात. त्यावर ९० ओहमचा हीटर जोडला तर सुमारे ६४ टक्केच व्होल्टेज पोचतं. हीटर वाचतो, पण मोजणी निरर्थक होते.

७. घातांक काढा

हीटरची उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, पण तापलेली तार उष्णता बाहेरही टाकत असते. त्यामुळे आउटपुट अगदी वर्गाप्रमाणे न वाढता थोडं कमी वाढतं. आउटपुट करंटच्या ज्या घाताने वाढतं तो घातांक एकजोडी कन्व्हर्टरमध्ये पूर्ण करंटला १.६ च्या आसपास आणि कमी करंटला २ च्या जवळ असतो. प्रत्येक पातळीला तो नव्याने काढावा लागतो.

रीत सोपी आहे. डीसी लावा, आउटपुट स्थिर होऊ द्या. मग डीसी ०.१ टक्क्याने वाढवा, रीडिंग घ्या. तेवढाच कमी करा, रीडिंग घ्या. आउटपुटमधला टक्केवारी बदल इनपुटमधल्या टक्केवारी बदलाने भागला की घातांक मिळाला. मात्र १०० टक्के पातळीवर काम करत असाल तर वरच्या बाजूला मर्यादा ओलांडली जात नाही ना, ते बघा. मी बहुतेक वेळा रेटेडच्या थोडं खालीच राहतो.

रेंजच्या निम्म्याहून खाली मात्र जाऊ नका. पूर्ण पातळीला ७ मिलिव्होल्ट असताना इनपुटमधला १ पीपीएम बदल म्हणजे आउटपुटमध्ये सुमारे ११ नॅनोव्होल्ट. निम्म्या पातळीला आउटपुट पावपटीजवळ येतं आणि तोच १ पीपीएम तीन-चार नॅनोव्होल्टवर घसरतो. मीटरच्या गोंगाटात तो सापडत नाही.

८. प्रत्यक्ष मोजणी

सगळी उपकरणं किमान तासभर चालू राहू द्या, कन्व्हर्टरलाही कामाच्या पातळीवर अर्धा तास तापू द्या. मग हा क्रम: एसी, डीसी धन, एसी, डीसी ऋण, एसी. प्रत्येक बदलानंतर सारखाच वेळ थांबायचं. एकजोडी कन्व्हर्टरसाठी मी एक मिनिट धरतो. घड्याळ लावा, अंदाजाने थांबू नका. खोली हळूहळू तापत असते, आउटपुट सरकत असतं. वेळा सारख्या असल्या तरच तिन्ही एसीची सरासरी आणि दोन्ही डीसीची सरासरी एकाच क्षणाला येते आणि ते सरकणं आपोआप वजा होतं.

समजा ५ व्होल्ट, १ किलोहर्ट्झ. घातांक १.६२. कॅलिब्रेटरचा डीसी नेमका ५ व्होल्ट असल्याचं त्याच्या प्रमाणपत्रावरून माहीत आहे. रीडिंग मिलिव्होल्टमध्ये अशी आली:

एसी ७.२१४४०
डीसी धन ७.२१४६०
एसी ७.२१४३४
डीसी ऋण ७.२१३४०
एसी ७.२१४२८

एसीची सरासरी ७.२१४३४. डीसीची सरासरी ७.२१४००. फरक ०.०००३४. तो ७.२१४०० ने भागला की ४७ पीपीएम, आणि घातांक १.६२ ने भागला की २९ पीपीएम. कन्व्हर्टरचा प्रमाणपत्रातला डिफरन्स +६ पीपीएम असेल तर तो मिळवा. उत्तर ३५ पीपीएम. म्हणजे कॅलिब्रेटर ५ व्होल्ट एसी म्हणून जे देतोय ते प्रत्यक्षात ५.०००१७५ व्होल्ट आहे.

आता दोन डीसी रीडिंगमधला फरक बघा. धन आणि ऋण यांच्यात १.२ मायक्रोव्होल्टचं अंतर आहे. मणी हीटरच्या अगदी मध्यावर नसला की करंटची दिशा बदलल्यावर पेल्टिए आणि थॉमसन परिणामांमुळे उष्णतेची वाटणी थोडी सरकते, त्यातून हे अंतर पडतं. एसीमध्ये दिशा सतत पालटत असते, म्हणून त्याची बरोबरी दोन्ही डीसींच्या सरासरीशीच होते. घाईत फक्त डीसी धन घेतला असता तर उत्तर आलं असतं उणे १६ पीपीएम. कॅलिब्रेटर जास्त देत असताना तो कमी देतोय असं प्रमाणपत्र तुम्ही छापलं असतं. दोन मिनिटं वाचवायला ऋण डीसी कधीही गाळू नका.

हा सगळा क्रम निदान पाच-सहा वेळा करा आणि उत्तरांचा पसारा बघा. प्रत्येक वेळचं धन-ऋण अंतरही लिहून ठेवा. एका कन्व्हर्टरचं ते अंतर वर्षानुवर्षं फारसं हलत नाही. अचानक हललं तर काहीतरी बिघडलंय. बहुतेक वेळा जोडणी, क्वचित खुद्द बल्ब.

एसी आणि डीसी बदलताना काही कॅलिब्रेटर क्षणभर आउटपुट तोडतात. तेवढ्यात हीटर थंड होतो आणि पुन्हा तापायला वेळ घेतो. तसा कॅलिब्रेटर असेल तर थांबण्याचा वेळ वाढवा, पण सगळ्या पायऱ्यांना सारखाच वाढवा.

दोन कन्व्हर्टर एकमेकांशी ताडायचे असतील तर दोघांची आउटपुट एकाच वेळी वाचा. ओळखीच्या कन्व्हर्टरच्या डिफरन्समध्ये त्याचा स्वतःचा भागलेला फरक मिळवा आणि दुसऱ्याचा वजा करा, दुसऱ्याचा डिफरन्स मिळतो. यात सोर्सची अस्थिरता दोन्हीकडे सारखी येते आणि कटून जाते, म्हणून ही पद्धत एकट्या कन्व्हर्टरपेक्षा बरीच शांत चालते.

९. टोकाची कामं

१० हर्ट्झच्या जवळ गेलात की हीटरचं तापमान प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला खालीवर व्हायला लागतं, कारण बल्ब सावकाश आहे पण तितकाही सावकाश नाही. सरासरी बिघडते आणि डिफरन्स वाढतो. तिथे प्रमाणपत्रातला नेमका तोच बिंदू हवा, ४० हर्ट्झच्या आकड्यावरून अंदाज करू नये.

१०० किलोहर्ट्झच्या वर तारांचं इंडक्टन्स, रेझिस्टरची कपॅसिटन्स आणि स्किन इफेक्ट डोकं वर काढतात. दोन बिंदूंच्या मध्ये सरळ रेषा ओढून आकडा काढणं तिथे धोक्याचं आहे.

१,००० व्होल्टला ५ मिलिॲम्पिअर म्हणजे रेझिस्टरमध्ये ५ वॅट उष्णता. तो तापतो, त्याचा रोध सरकतो, थांबण्याचा वेळ वाढवावा लागतो. आणि हा व्होल्टेज माणूस मारतो. एकट्याने काम करू नका, केबल बदलण्याआधी स्टँडबायचा दिवा स्वतः बघा.

वेव्हफॉर्मचंही बघावं लागतं. कन्व्हर्टर खरा आरएमएस मोजतो. सोर्समध्ये १ टक्का तिसरा हार्मोनिक असेल तर आरएमएस फक्त ५० पीपीएमने वाढतो, पण सरासरीवर चालणाऱ्या स्वस्त मीटरचं रीडिंग त्याच हार्मोनिकमुळे ०.३३ टक्क्यापर्यंत हलू शकतं. फर्नेस किंवा ड्राइव्हच्या लाईनवर "तुमचं प्रमाणपत्र एक सांगतं आणि जागेवर मीटर दुसरंच दाखवतो" अशी तक्रार ग्राहक घेऊन येतो, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. त्याला ट्रू आरएमएस मीटर घ्यायला सांगा.

१०. अनिश्चितता

पूर्ण तक्ता इथे देत नाही, पण कुठला घटक जड आणि कुठला हलका हे कळावं म्हणून उदाहरण. प्रमाणपत्राची विस्तारित (दुप्पट करून दिलेली) अनिश्चितता १२ पीपीएम असेल तर मानक अनिश्चितता ६. पुनरावृत्तीचा पसारा ३. डीसीचा २. तिन्हींच्या वर्गांची बेरीज ४९, वर्गमूळ ७, दुपटीने विस्तारित १४ पीपीएम. घातांकात एक टक्का चूक झाली तरी वरच्या उदाहरणात ती ०.३ पीपीएमच होते, कारण एसी आणि डीसी जवळजवळ सारखे होते. म्हणून दोन्ही आउटपुट आधी जुळवून घ्या. घातांकावर घाम गाळायची गरज उरत नाही.

ड्रिफ्ट, तापमान, कनेक्टर यांच्या ओळी तक्त्यात हव्यातच. किंमत शून्याजवळ असली तरी ऑडिटर त्या शोधतो, आणि योग्यच करतो.

११. कन्व्हर्टरच कॅलिब्रेशनला पाठवताना

देशाची राष्ट्रीय मानकं दिल्लीच्या सीएसआयआर-राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहेत. मुंबईत ईआरटीएल वेस्ट आणि आयडीईएमआय या सरकारी संस्था इलेक्ट्रिकल कॅलिब्रेशन करतात. कुठेही पाठवण्याआधी एनएबीएलच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचा चालू स्कोप उघडा आणि तुमचं व्होल्टेज, तुमची फ्रिक्वेन्सी आणि मिळणारी अनिश्चितता त्यात आहे का ते बघा. नुसतं "एसी व्होल्टेज" लिहिलेलं पाहून समाधान मानू नका. तुम्हाला एसी-डीसी ट्रान्स्फर हवंय.

पत्रात बिंदूंची यादी द्या. कुठल्या रेंजला, किती व्होल्टवर, कुठल्या फ्रिक्वेन्सीला. यादी दिली नाही तर ठराविक बिंदू मिळतात आणि तुम्हाला लागणारा नेमका गळतो. जे बिंदू वापरणार तेवढेच मागा, पैसे बिंदूंवर लागतात.

वस्तू हातानेच न्या. काचेचा निर्वात बल्ब ट्रकच्या मागच्या बाजूला ठेवायची गोष्ट नाही. महामार्गाने रात्रीच्या बसने मुंबई गाठायची असेल तर डबा मांडीवर किंवा सीटखाली, डिकीत नाही. सोबत डिलिव्हरी चलन ठेवा, त्यावर "विक्रीसाठी नाही, कॅलिब्रेशनसाठी" असं स्पष्ट लिहा. राज्याबाहेर ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. अकाउंटंटला निघायच्या दोन दिवस आधी सांगा.

परत आल्यावर प्रमाणपत्र फाईलला लावण्याआधी जुन्या प्रमाणपत्राशेजारी ठेवा. एखाद्या बिंदूचा डिफरन्स दोन्ही अनिश्चिततांच्या बाहेर सरकला असेल तर आधी मधल्या काळात दिलेल्या प्रमाणपत्रांकडे बघावं लागेल, आणि ते काम त्याच आठवड्यात करायचं.

१२. दोन कॅलिब्रेशनच्या मधे

दर तीन महिन्यांनी एक ठरलेला बिंदू घ्या, उदाहरणार्थ ५ व्होल्ट १ किलोहर्ट्झ, आणि त्याच कॅलिब्रेटरवर, त्याच केबलने, त्याच क्रमाने मोजा. उत्तर, घातांक, धन-ऋण अंतर आणि खोलीचं तापमान हे चार आकडे आलेखावर टाका. शक्य असेल तर दुसरा कन्व्हर्टर फक्त या तपासणीपुरता कपाटात ठेवा आणि ग्राहकाच्या कामाला कधीच काढू नका. दोघांतला फरक हलला की कोण हललं हे शोधायला परिसरातल्या दुसऱ्या लॅबशी आंतरप्रयोगशाळा तुलना करून बघा. त्यासाठी तारीख, बिंदू आणि कन्व्हर्टर ने-आण करणारा माणूस आधीच ठरवून घ्या, आणि दोन्हीकडची मोजणी होईपर्यंत एकमेकांना आकडे सांगू नका.